गिअरबॉक्स उतरवण्याआधी कागद द्या!

सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या गाडीमालकांनो, ड्रायव्हर बंधू-भगिनींनो,

पसरणी घाट चढताना इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. कुंभार्ली उतरताना तिसरा गिअर आपोआप निसटतो. गाडी गॅरेजला लागते आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "गिअरबॉक्स गेलाय, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल." आकडा तोंडीच सांगितला जातो. तोवर गाडी खोललेली असते, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मग माणूस "करा" म्हणतो, आणि तिथेच फसतो.

आमची मागणी साधी आहे. गिअरबॉक्स उतरवण्याआधी लेखी एस्टिमेट मिळालंच पाहिजे. उतरवल्यावर नेमकं काय झिजलंय ते गाडीमालकाला दाखवल्याशिवाय एकही पार्ट बदलता कामा नये. काढलेले जुने पार्ट मालकाच्या ताब्यात दिले पाहिजेत.

हे मागायला मिस्त्री असावं लागत नाही. आवाज चढतो पण वेग चढत नाही, तेव्हा बहुतेक वेळा क्लच प्लेट संपलेली असते. आतले गिअर शाबूत असतात. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर पहिला संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. न्यूट्रलला घरघर असते आणि क्लच दाबताच थांबते, तेव्हा इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासायला सांगा. एकाच गिअरला खरखर होत असेल तर सिंक्रो रिंग. गिअर जड पडतोय? आधी केबल आणि लिंकेज बघा, त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागत नाही. एएमटी गाड्यांच्या मालकांना तर सर्रास घाबरवलं जातं. या गाडीचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो. क्लच आणि गिअर हलवायला ॲक्च्युएटर बसवलेला असतो, एवढाच फरक. स्कॅनरवर एरर दिसला म्हणजे गिअरबॉक्स गेला असं होत नाही. एरर कोड लिहून घ्या आणि दुसऱ्या मिस्त्रीला विचारा.

मजुरीचंही तसंच. क्लच सेट असो की आतलं बेअरिंग, मोठं काम असतं ते गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचं. दोन्ही कामं एकत्र केली तर ती मजुरी एकदाच लागते. बिलात ती दोनदा आली असेल तर खोडायला लावा. मात्र कष्टाच्या मजुरीत घासाघीस करू नका. आपण मजुरी पाडून मागतो म्हणून कित्येक गॅरेजवाले ती कमी दाखवतात आणि पार्टच्या किमतीतून भरून काढतात. मिस्त्रीला त्याच्या हाताचे पैसे उघडपणे द्या आणि पार्टचं पाकीट मागा. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावणं बेकायदा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे. कुणी अजून २८ टक्के लावत असेल तर जाब विचारा.

सांगलीकरांना वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलं. पाण्यात राहिलेल्या गाडीचं गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं असतं. गाडी चालू न करता ते लगेच बदललं तर गिअरबॉक्स वाचू शकतो. ऑइल न बघताच नव्या गिअरबॉक्सचं एस्टिमेट पुढे केलं, तर सही करू नका.

दोष एकट्या गॅरेजवाल्यांचा नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही आयोगाने बजावलं. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिलं केली. विट्याचा किंवा फलटणचा हुशार मिस्त्री कंपनीचा स्कॅनर नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतो, तेव्हा त्याची रोजी जाते आणि आपला खर्च वाढतो. या लढाईत मिस्त्री आणि गाडीमालक एका बाजूला आहेत. मिस्त्री बंधूंनो, मजुरीचे दर फळ्यावर लिहा. प्रामाणिक माणसाचं त्यात काहीच जात नाही.

सेवेचं बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. फसवणूक झाली तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पण पुरावा हवा. म्हणून पुढच्या वेळी गाडी गॅरेजला लावाल तेव्हा किल्ली देण्याआधी जॉबकार्ड मागा, आणि "मला विचारल्याशिवाय गिअरबॉक्स उघडू नये" हे वाक्य त्यावर आपल्या हाताने लिहा.