सोफिया : एका नावाचा अर्थ

मुलीचे नाव ठेवताना आईवडील तिच्याविषयीची एखादी इच्छाच व्यक्त करीत असतात. 'सोफिया' हे ग्रीक नाव असेच आहे. त्याचा अर्थ शहाणपण किंवा प्रज्ञा. आज हे नाव अनेक देशांत प्रचलित आहे. परंतु या शब्दाचा इतिहास पाहिला, की शहाणपणाविषयीच्या आपल्या रूढ कल्पना पुन्हा तपासून पाहाव्यात, असे मला वाटते.

होमरच्या 'इलियड' या प्राचीन महाकाव्यात हा शब्द एकदाच येतो. तोही कोणा राजासाठी किंवा पंडितासाठी नव्हे, तर एका सुतारासाठी. जहाजाचे लाकूड दोरीच्या साहाय्याने सरळ करणाऱ्या कारागिराचे कसब म्हणजे सोफिया. पुढे इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने सोफियाला ज्ञानाचे सर्वोच्च रूप मानले. तरीही त्या विवेचनात फिडियस आणि पॉलिक्लिटस या शिल्पकारांचा उल्लेख त्याने केलाच. कारण कलेत निष्णात असलेल्यांनाही लोक शहाणे म्हणत असत. 'फिलॉसॉफी' या शब्दाचा मूळ अर्थही शहाणपणाविषयीचे प्रेम असाच आहे. म्हणजे ज्या शब्दाचा तत्त्वज्ञानाशी एवढा निकटचा संबंध आहे, तो आरंभी हाताच्या कौशल्यासाठी वापरला जात होता. म्हणूनच कष्टकऱ्याचे ज्ञान कमी प्रतीचे, ही समजूत मला योग्य वाटत नाही.

ग्रीक भाषेत 'सोफिया' हे भाववाचक नाम स्त्रीलिंगी आहे. आपल्याकडील प्रज्ञा, विद्या, मेधा हे शब्दही स्त्रीलिंगी आहेत आणि तेही मुलींची नावे म्हणून रूढ झाले. ख्रिस्ती परंपरेत संत सोफियाच्या तीन मुलींची कथा सांगितली जाते. त्यांची नावे श्रद्धा, आशा आणि प्रेम या अर्थांची आहेत. कॉन्स्टँटिनोपल येथे इ. स. ५३७ मध्ये पूर्ण झालेले 'हागिया सोफिया' हे भव्य चर्च मात्र कोणा स्त्रीच्या नावाने नव्हे, तर 'पवित्र प्रज्ञे'च्या नावाने उभारले गेले.

शब्दाला एवढा मान मिळाला. पण ते नाव धारण करणाऱ्या स्त्रीला तो मिळाला का? १८५० मध्ये मॉस्कोत जन्मलेल्या सोफिया कोवालेव्हस्काया यांना गणिताची विलक्षण ओढ होती. त्या काळी रशियातील विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. शिक्षणासाठी परदेशी जाता यावे, म्हणून त्यांनी नाममात्र विवाह केला. बर्लिन विद्यापीठानेही त्यांना व्याख्यानांना बसू दिले नाही. तेव्हा वायरश्ट्रास या थोर गणितज्ञाने त्यांना खाजगीरीत्या शिकवले. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि १८८९ मध्ये त्या स्टॉकहोम येथे प्राध्यापक झाल्या.

ज्या समाजाने मुलीचे नाव 'प्रज्ञा' ठेवावे, त्यानेच तिच्यासाठी शाळेचे दार बंद करावे, ही विसंगती केवळ एका देशाची नाही. केवळ नावाने कोणी शहाणे होत नाही. त्या सुताराचे कसब जसे सरावाने येते, तसेच ज्ञानही परिश्रमाने आणि संधीने मिळते. परिश्रम शिकणाऱ्याने करावेत. संधी देणे हे मात्र समाजाचे कर्तव्य आहे. ते पार पडले, तरच मुलीला दिलेल्या अशा नावाला अर्थ उरतो.