घर फिरतं तेव्हा

श्रावणातल्या एका पहाटे बेळगाव जिल्ह्यातल्या गुंजी गावात आमच्या शेजारच्या काकी उठून बसल्या आणि त्यांना घरच गरगरा फिरताना दिसू लागलं. सोप्यातला खांब दोन्ही हातांनी कवटाळून त्या ओरडत होत्या, "धरा मला, पडते मी!" उलट्या थांबेनात. कुणी म्हणालं बीपी, कुणी पित्त, कुणी मानेचा मणका. कानाचं नाव कुणीच काढलं नाही. आठवड्यापूर्वी सर्दी झाली होती आणि उजव्या कानात रातकिड्यासारखं किर्र वाजतंय, ऐकूही कमी येतंय, हे मी खोदून विचारल्यावर कळलं.

आतल्या कानात ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकांना लागून असतात. तिथं सूज आली की एका कानाचा निरोप मंदावतो, दुसऱ्याचा चालूच राहतो, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. तोलाच्या याच यंत्रणेवरच्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४चं नोबेल मिळालं. कानात थंड पाणी सोडलं की रुग्णाचे डोळे एका दिशेला झटके देतात, गरम सोडलं की उलट दिशेला, हे त्यांनी हेरलं होतं.

काकी चक्करेची गोळी घेत तीन आठवडे पडून राहिल्या. मला राहून राहून वाईट वाटतं ते याचं. ही गोळी पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती. पुढे ती लांबवली, की नव्या तोलाची सवय करून घ्यायला मेंदूलाच उशीर होतो. उलट्या थांबल्या की हालचाल हवी: अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवी फिरवायची, भिंतीलगत चालायचं. थोडी घेरी येते, येऊ द्यावी. कूस बदलताना काही सेकंदच फिरत असेल तर तो आजार निराळा. कानातले बारीक खडे सरकलेले असतात, आणि डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून ते जागेवर आणतात.

पण ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा. स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त. फुटलेला कान वाहत असताना चक्कर आली, ताप चढला, मान ताठली, तर थेट बेळगावचं मोठं इस्पितळ. त्या कानात लसणाचं तेल घालू नका हो! तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तो झटका मेंदूचा असू शकतो. लगेच १०८.

दसऱ्याला काकी कुणाचा हात न धरता माउलीच्या देवळापर्यंत चालत गेल्या. रात्री मात्र अजून बॅटरी घेऊनच परसात जातात. अंधारात तोलाला डोळ्यांची मदत मिळत नाही.