कळ कुणाची, अक्षर कुणाचे?

ब्राउझरमधल्या एडिटरात लिहिणाऱ्याच्या कळफलकावर अधिकार कुणाचा, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे होतो. वस्तुतः तो लिपीचा प्रश्न आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाचाही.

२०१५ सालचे उदाहरण घ्या. 'मीडियम' या लेखनस्थळावर विंडोज वापरणाऱ्या पोलिश लेखकांना एक अक्षर उमटवता येईना : 'एस'च्या माथ्यावर तिरकी रेघ असलेले, आपल्या 'श'च्या जवळचे. पोलिशच्या नऊ विशेष अक्षरांपैकी हेच तेवढे गायब! मीडियम मजकूर आपोआप साठवते. पण जुन्या सवयीने लोक कंट्रोल-एस दाबत आणि ब्राउझर पान साठवण्याची चौकट पुढे करी. ती टाळण्यासाठी एडिटरने ही जोडी अडवली. विंडोजवर मात्र पोलिश कळफलकाची उजवी आल्ट कळ म्हणजे कंट्रोल आणि आल्ट एकत्र, आणि ते अक्षर उजवी आल्ट व एस दाबूनच लिहिले जाते. पहारेकऱ्याने कंट्रोल पाहिला, एस पाहिला. आल्ट पाहिलाच नाही.

दुरुस्ती किरकोळ होती; तिच्यामागचे गृहीतक किरकोळ नव्हे. इंग्रजीचा कळफलक म्हणजेच कळफलक, असे मानले की इतरांची वर्णमाला 'अडचण' ठरते.

'मग पानाने एकही कळ घेऊ नये काय?' असे कुणी विचारील. तसे नव्हे. विंडोजवरील फायरफॉक्समध्ये कंट्रोल-बी वाचनखुणांची पट्टी उघडते; लिहिताना त्याच जोडीने अक्षर ठळक व्हावे, ही लेखकाचीच अपेक्षा असते. आक्षेप आहे तो सरसकट जप्तीला. २००८ च्या वेब सुलभता मार्गदर्शक तत्त्वांनुसार कळफलकाने जेथे शिरता येते, तेथून कळफलकानेच बाहेर पडता आले पाहिजे. तरीही टॅब कळ गिळून बाहेरची वाट न सांगणारे एडिटर निघतात. माऊस न वापरणाऱ्या अंध लेखकाने तेथे काय करावे? याला सोय म्हणणे हा शब्दच्छल आहे.

म्हणून मागणी साधी आहे. जी जोडी अडवायची, ती नेमकी तेवढीच अडवावी, तीही लेखनचौकटीपुरती, आणि बाहेर पडण्याची वाट सांगावी. कळ अक्षरासाठी जन्मली, आज्ञेचे काम तिला मागाहून मिळाले. दोहोंत तंटा झाला, तर माघार आज्ञेने घ्यायची.