वहीत नाव लिहिणारे बॉट

मीरा-भाईंदरमधल्या बऱ्याच सोसायट्यांच्या फाटकावर अजून एक वही असते. नाव, कुणाकडे, फ्लॅट नंबर, वेळ. पाहुण्याने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि वॉचमनने त्यावर विश्वास ठेवायचा. आता चोर काय त्या वहीत 'चोर' असं लिहिणार आहे थोडाच! तरीही वही असावी या मताचा मी आहे. फक्त वही म्हणजे कुलूप नव्हे, एवढं लक्षात असलं की झालं.

वेबसर्व्हरवर नको असलेले बॉट अडवणारे 'रीराइट'चे नियम म्हणजे नेमकी हीच वही. ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: संकेतस्थळावर येणारा ब्राउझर किंवा आपोआप पानं गोळा करत हिंडणारा बॉट सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो. तिला 'यूझर एजंट' म्हणतात. अपाची सर्व्हरमध्ये 'मॉड रीराइट' नावाचा एक भाग आहे. राल्फ एंगेलशाल यांनी तो एप्रिल १९९६ मध्ये लिहिला (आपली 'मायबोली'ही त्याच सालची!). तो मुळात पानांचे पत्ते बदलण्यासाठी, पण लोकांनी त्यातून दारवान घडवला. दोन ओळी लिहायच्या. एक अट: ओळखीत अमुक नाव आहे का? एक नियम: असेल तर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'. बस्स.

याआधीची पायरी म्हणजे 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल. मार्टिन कोस्टर यांनी ती १९९४ मध्ये सुचवली आणि २०२२ मध्ये तिचं अधिकृत मानक झालं. पण ती नुसती विनंतीची पाटी आहे. पाळणारे पाळतात.

हे सगळं जुनंच आहे. मग आता का लिहितोय? मी एक लहानसं मराठी संकेतस्थळ सांभाळतो. उत्तन, राई, मुर्धे इकडच्या जुन्या मंडळींनी त्यावर मिठागरांच्या, होड्यांच्या आठवणी लिहिल्या आहेत. वाचक मोजके, बॉट भरमसाट. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या 'जीपीटीबॉट'ची ओळख जाहीर केली, आणि भाषेची यंत्रं शिकवण्यासाठी मजकूर गोळा करणाऱ्यांचा ओघ त्या सुमारास सगळ्यांनाच जाणवू लागला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की पानं बघणाऱ्यांत बॉट साधारण ३५ टक्के, पण सर्वात खर्चिक वर्दळीतला ६५ टक्के वाटा त्यांचा. माणसं त्याच त्या लोकप्रिय पानांवर जातात, बॉट कानाकोपरा उकरतात. आमच्याकडेही तेच. गाव, साल, विषय अशा चाळण्या लावून शोधायची सोय आहे, तर बॉट त्यांची प्रत्येक जोडी उघडून बघणार. दर वेळी डेटाबेस राबणार. आणि त्याच वेळी दुबईतला कुणी नातू आजीचा लेख उघडायला जातो, तर पान उघडतच नाही. माझ्या दृष्टीने खरं नुकसान हे.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे शेकडो नावांची तयार यादी आणून चिकटवणे. माझा विरोध आहे तो याला.

पहिलं कारण, यादीत सापडतो तो खरं नाव सांगणारा. लबाड 'मी क्रोम' म्हणून येतो, किंवा चक्क 'मी गूगलबॉट' म्हणून. (खरा गूगलबॉट ओळखायचा तर त्याच्या आयपी पत्त्यावरून यंत्राचं नाव काढायचं, आणि त्या नावावरून परत तोच पत्ता येतो का ते बघायचं.) दुसरी गंमत म्हणजे 'गूगल-एक्स्टेंडेड'. हे नाव फक्त त्या विनंतीच्या पाटीपुरतं आहे, त्या नावाने कुणी दारात येतच नाही. तरी लोक त्यासाठी रीराइटचा नियम लिहितात!

दुसरं, 'बॉट' शब्द दिसला की हाकला, असा नियम शोधयंत्रांनाही हाकलतो आणि जुनी पानं जपणाऱ्यांनाही. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं. त्यातलं जे आज वाचायला मिळतं, ते कुणीतरी वेळीच उतरवून ठेवलं म्हणून.

तिसरं, वैतागून लोक आयपी पत्तेच अडवू लागतात. मोबाइल इंटरनेटवर एकाच पत्त्याआड शेकडो ग्राहक असू शकतात. एका भाडेकरूने धिंगाणा घातला म्हणून अख्ख्या इमारतीचं टपाल बंद करण्यासारखं आहे हे.

आडनाव ऐकून घर नाकारण्याचे प्रकार मुंबई आणि उपनगरांत नवे नाहीत. त्यामुळे नावावरून माणूस अडवू नये हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तोच न्याय इथे लावावा. नाव बघून नको, वागणं बघून अडवा. शोधाच्या त्या खर्चिक पानांवर बॉटना मनाई करा, पाटीवर तसं लिहा. पाटी वाचूनही जो घुसतो, त्याच्यासाठी रीराइटचा नियम आणि ४०३. वेगाचा प्रश्न मात्र रीराइटने सुटत नाही, कारण त्याला मोजता येत नाही. मिनिटाला किती पानं द्यायची याची मर्यादा वेगळी लावावी लागते, आणि ती ओलांडणाऱ्याला ४२९, म्हणजे 'जरा दमानं'.

याने लबाड संपतील का? नाही. आणि त्यांची किंमत शेवटी माणूसच मोजतो. रेल्वेने २०२५ मध्ये अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचं सांगितलं, आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी सक्तीची केली. म्हणजे खोटं बोलला बॉट, आणि ओळख पटवत बसायचं गावी निघालेल्या माणसाने. आमच्या आज्यांचे लेख वाचायला कुणाला असं काही सिद्ध करावं लागू नये, एवढीच माझी इच्छा.

राहता राहिला मोठा प्रश्न. यंत्रं शिकवायला मराठी मजकूर द्यावा का? सगळ्यांनीच दार लावलं, तर यंत्रं इंग्रजीवरून उतरवलेली ठोकळेबाज मराठी बोलतील. मिठागरातले, होडीवरचे शब्द त्यांना कुठून कळणार? म्हणून नाव सांगून, पाटी पाळून, सावकाश येणाऱ्याला आत घ्यावं असं माझं मत आहे. पण ते मत माझं, लेखन त्या मंडळींचं. दाराची किल्ली माझ्याकडे आहे म्हणून घर माझं होत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना विचारायचं, आणि जो नको म्हणेल त्याची पानं विनातक्रार बंद ठेवायची.

असो. तुमचंही एखादं छोटं संकेतस्थळ असेल, तर ती आयती यादी चिकटवण्याआधी एकदा सर्व्हरची नोंदवही उघडून बघा. कोण येतंय, काय करतंय. नियम त्यानंतर लिहा.