९८.६ : दशांशचिन्हाचा ताप

"डॉक्टर, ९८.८ आहे. दोन पॉइंट वाढलाय. पॅरासिटामॉल देऊ का?" असे फोन मला नेहमी येतात. मूल तिकडे गादीवर उड्या मारत असतं. ताप असतो तो आईबाबांच्या डोक्याला.

हा ९८.६ आला कुठून? १८६८ साली कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेतल्या नोंदींवरून ग्रंथ लिहिला. निरोगी माणसाचं सरासरी तापमान त्यांनी ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. आता ३७ ला ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा. आलं ९८.६! म्हणजे हा 'पॉइंट सहा' शरीरातून नाही, गणितातून आलाय. ढोबळ सरासरी फॅरनहाइटमध्ये गेली आणि तिला सोनाराच्या काट्याचा मान मिळाला. ब्रिटिश परंपरेत तर हाच 'नॉर्मल' ९८.४ होता. इंग्रज काय अमेरिकनांपेक्षा थंड रक्ताचे?

१९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांचं तोंडातलं तापमान मोजलं गेलं. सरासरी निघाली ९८.२ आणि नॉर्मलची वरची मर्यादा ९९.९. शिवाय तापमान पहाटे उतरतं, संध्याकाळी चढतं. पाळीच्या चक्रातही बदलतं. तरी आपण एकाच आकड्याला चिकटून बसलोय.

उलट टोकही आठवा. कोविडच्या काळात दुकानाच्या दारातला पहारेकरी कपाळावर यंत्र रोखून म्हणायचा, "९२, जा आत!" शरीराचं आतलं तापमान ९५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. खरंच ९२ असलेला माणूस मॉलमध्ये नाही, आयसीयूत हवा. पण आकडा दिसला, सगळ्यांचं समाधान झालं.

यात हसण्यासारखं खूप आहे, पण नुकसानही आहे. दोन पॉइंटसाठी मुलांच्या पोटात विनाकारण औषधं जातात. त्याहून वाईट म्हणजे, म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनिया होऊनही कधीकधी ताप चढत नाही. आजी जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात, धाप लागते, आणि घरचे म्हणतात, "ताप नाही ना, मग उद्या बघू." तो उद्या महागात पडतो.

थर्मामीटर फेकू नका. १००.४ च्या वर ताप समजा, वेळेसह वहीत लिहा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त असेल तर फोनवर चर्चा नको, लगेच घेऊन या. बाकी वेळी आधी माणसाकडे बघा: खातोय का, पितोय का, लघवी होतेय का, श्वास कसा आहे, शुद्ध कशी आहे. मला फोन कराल तेव्हाही हेच आधी सांगा. आकडा मी नंतर विचारीन.