यादीतली ओळ कोण लिहितो?

मराठी समीक्षेने ज्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही, असे एक लेखन आज एटापल्ली तालुक्यात कथा-कवितांहून कितीतरी अधिक वाचले जाते. ते म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरची यादी. अंगणवाडीतील बालकांची यादी, गरोदर मातांची यादी, वर्गातील हजेरीची यादी, ऑनलाइन अर्जात गाव निवडण्यासाठी उघडणारी यादी. गट्टा, जारावंडी, कसनसूर या भागांतील माणसाचा शासनाशी येणारा संबंध आता बहुधा अशा एखाद्या यादीतल्या एका ओळीतून जातो. ओळ सापडली तर माणूस आहे. सापडली नाही तर त्याने स्वतःचे अस्तित्व सिद्ध करीत हिंडावे. एवढे ज्यावर अवलंबून आहे ते लेखन कोण करतो आणि कोणत्या व्याकरणाने करतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांचा आहे. तो केवळ संगणकवाल्यांवर सोपवून देणे आम्हांला मान्य नाही.

"हा तांत्रिक भाग आहे, त्यात मराठीच्या प्राध्यापकांचे काय काम?" असे कोणी म्हणेल. म्हणून हा तांत्रिक भाग आधी पाहू. माहिती एका जागी साठवलेली असते. पडदा दुसरीकडे असतो. या दोहोंना जोडणारा प्रोग्रामचा जो तुकडा असतो, त्याला अँड्रॉइडच्या जगात ॲडॅप्टर म्हणतात. पडदा त्याला विचारतो, एकूण ओळी किती? तो सांगतो. पडदा विचारतो, पाचव्या ओळीत काय लिहू? तो नोंद उघडतो, तिच्यातल्या वीस रकान्यांपैकी दोन-तीन उचलतो आणि ओळीच्या साच्यात बसवतो. कोणते रकाने दाखवायचे, कोणते गाळायचे, नाव कोणत्या लिपीत लिहायचे, कोणते नाव वर आणि कोणते खाली, रकाना रिकामा असेल तर तिथे काय छापायचे, हे सारे निर्णय याच जोडणीत होतात. निवड, क्रम, गाळणे, पर्यायी शब्द योजणे या कामाला मराठीत संपादन म्हणतात. तेव्हा हा तुकडा लिहिणारा माणूस संपादक आहे, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आता या संपादनातील दोष कसे असतात ते पाहा. फोनची स्मरणशक्ती मर्यादित असते, म्हणून तीनशे नावांसाठी तीनशे ओळी बनवल्या जात नाहीत. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि वर थोड्या जास्त ओळी बनतात. बोटाने यादी सरकवली की वर गेलेली ओळ खाली आणून तिच्यात नवे नाव भरतात. २०१४ मध्ये अँड्रॉइडमध्ये आलेल्या यादीच्या साधनाचे नावच मुळी या पुनर्वापरावरून पडले: रिसायकलरव्ह्यू. युक्ती उत्तम आहे. परंतु नाव बदलताना शेजारच्या चौकटीतली टिचकी पुसायची राहिली, तर पहिल्या बाईची हजेरी खाली कुठल्यातरी तिसऱ्याच बाईच्या नावापुढे उमटलेली दिसते. प्रोग्राम शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ही सुप्रसिद्ध चूक आहे. शहरातल्या खरेदीच्या ॲपमध्ये तिच्यामुळे एखादी वस्तू चुकीची निवडली जाईल. हजेरीच्या किंवा शिध्याच्या यादीत तीच चूक म्हणजे एकीच्या हक्कावर दुसरीचे नाव.

यावर एक उपाय म्हणजे ओळ ही जागेने न ओळखता माणसाच्या कायम ओळखक्रमांकाने ओळखणे. येथे एटापल्लीचा स्वभाव आडवा येतो. आत्राम, मडावी, पुंगाटी, उसेंडी, गोटा, लेकामी, नरोटी अशी मोजकी आडनावे गावेच्या गावे व्यापून असतात. एकाच पाड्यावर एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन माणसे असणे यात काही नवल नाही. गावात ती कधी एकमेकांत मिसळत नाहीत, कारण गाव त्यांना बापाच्या नावाने, घराच्या जागेवरून, टोपणनावाने ओळखते. यादीच्या ओळीत मात्र नाव आणि आडनाव एवढेच दिसते. रकाने निवडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईची सोसायटी असते. तिथे तेवढ्यावर भागते. इथे भागत नाही. ओळखक्रमांक यंत्राच्या पोटात असून उपयोग नाही. बोट ठेवणाऱ्या अंगणवाडी सेविकेला तो दिसत नाही. तिला दोन सारख्या ओळी दिसतात.

क्रमाचे पाहा. मराठी वर्णमाला शाळेत ळ, क्ष, ज्ञ यांवर संपते. संगणकाच्या युनिकोड संकेतांत ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. क्ष हा क, हलन्त आणि ष असा साठवला जात असल्याने क च्या घरात जातो, आणि ज्ञ हा ज च्या घरात. त्यामुळे संकेतक्रमाने लावलेल्या यादीत ज्ञानेश्वर शेवटी शोधणाऱ्याला तो सापडत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे नाव देवनागरीत दाखवायचे, पण क्रम मात्र मूळ रोमन नोंदीचा ठेवायचा. मग ज्ञानेश्वर हा डी या अक्षराखाली जाऊन बसतो आणि वाचणाऱ्याला यादी विस्कटलेली भासते. ॲप हा शब्दच घ्या. त्यातला पहिला स्वर एकसंध अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि अ वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे वाटतात, आणि शोध निष्फळ ठरतो. मराठीचा क्रम जाणणारी तयार साधने फुकट उपलब्ध आहेत. ती वापरावी असे कोणी बजावत नाही, एवढेच.

रोमनमधून देवनागरीत आणलेल्या नावांची कथा आणखी वेगळी आहे. रोमन लिपीत ट आणि त, ड आणि द यांना साध्या लेखनात एकच अक्षर. यंत्राने लिप्यंतर केले की गोटाचा गोता होतो, उसेंडीचे उसेंदी होते आणि आमच्या गावाचे एतापल्ली होऊ शकते. हा दोष जुना आहे, फोनने तो निर्माण केलेला नाही. केंद्राच्या विशेष दुर्बल आदिवासी गटांच्या यादीत महाराष्ट्रातील तीन नावे आहेत: कातकरी, कोलाम आणि मारिया गोंड. इथला माणूस स्वतःला माडिया म्हणवतो. यादी त्याला मारिया म्हणते. साहेबाच्या कानाने टिपलेला ड हा कागदावर आर झाला आणि तिथेच राहिला.

कागदी यादीतही एका ओळीचे मोल काय असते, हे चंद्रपूर-गडचिरोलीला सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अठराव्या क्रमांकाच्या एकाच नोंदीत गोंड, राजगोंड यांच्यापासून माडिया, मारिया, माना, मुरिया यांच्यापर्यंत डझनावारी नावे स्वल्पविरामांनी जोडलेली आहेत. त्या ओळीतला माना म्हणजे गोंडांची पोटजमात की स्वतंत्र जमात, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये न्यायालयाने माना ही स्वतंत्र जमात असल्याचे मान्य केले. एका ओळीच्या रचनेचा अर्थ लागेपर्यंत प्रमाणपत्रे अडतात, नोकऱ्या टांगणीला लागतात. कागदाच्या ओळीवर निदान न्यायालयात युक्तिवाद करता येतो. फोनमधली ओळ कोणत्या नियमाने बनली, हे विचारायचे तर दारच सापडत नाही.

आणखी एक बारकावा. माहिती अद्याप आलेली नाही आणि माहितीच नाही, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. कच्च्या जोडणीत दोन्हींसाठी एकच कोरा पडदा दिसतो. जिथे नेटवर्क चोवीस तास असते तिथे हा फरक कोणाला टोचत नाही. डोंगरापलीकडच्या पाड्यावर मात्र कोऱ्या पडद्याचे वाचन "तुझे नाव यादीत नाही" असे होते आणि बाई मुलाला कडेवर घेऊन परत फिरते. "नाही" आणि "कळले नाही" यांतला भेद व्याकरणाचा आहे. तो पुसणारे वाक्य आम्ही विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत सोडले नसते.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे ॲप मराठीत करा. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे हीही त्यांची एक तक्रार होती. ती सर्वस्वी रास्त होती. पण मराठीकरण म्हणजे बटनांवरचे शब्द बदलणे, असा समज त्यानंतरही कायम आहे. भाषातज्ज्ञाला बोलावतात ते यादी तयार झाल्यावर, "एवढी लेबले मराठीत करून द्या" म्हणून. रकाने ठरताना, क्रम ठरताना, रिकाम्या पडद्यावर काय लिहावे हे ठरताना त्याला कोणी विचारत नाही. आणि आपले भाषाभिमानीही ॲपला अनुप्रयोग म्हणावे की उपयोजक, या चर्चेत रंगलेले असतात. शब्द बदलतो, साचा तोच राहतो.

मराठीच्या अभिमानालाही एटापल्लीत एक प्रश्न विचारावा लागतो. मुंबईत इंग्रजी यादी मराठी माणसाला परकी वाटते. इथे मराठी यादी माडिया बोलणाऱ्या आईला तितकीच परकी वाटते. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक आहेत, तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, गुंजाळा गोंडी २०१८ साली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने आदि वाणी हे भाषांतराचे ॲप आणले, त्यात गोंडी आहे. म्हणजे तंत्र अडलेले नाही. अडले आहे ते हे की नोंदीत मूळ उच्चारातल्या नावासाठी रकानाच नसतो. आणि जो रकाना नाही, त्यात कोणतीही लिपी भरता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला याचा आनंद आम्हांलाही आहे. अभिजात भाषेकडून इतरांची नावे नीट लिहिण्याची अपेक्षा करणे गैर नव्हे.

आमची मागणी मोठी नाही. शासकीय ॲपमधील प्रत्येक यादीसाठी चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. ओळीत एकाच नावाची दोन माणसे वेगळी ओळखता येतील एवढे रकाने दिसावेत. क्रम मराठी वर्णमालेचा असावा. "माहिती आलेली नाही" आणि "नोंद नाही" ही दोन वाक्ये स्वतंत्र असावीत. आणि नाव माणूस स्वतः सांगतो तसे, देवनागरीत, मूळ नोंद म्हणून साठवावे. रोमन रूप त्यावरून बनावे, उलट नव्हे. हे लागू करण्याआधी यादी एखाद्या दुर्गम पाड्यावरच्या सेविकेच्या हाती देऊन तिच्याकडून वाचून घ्यावी. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हे काम आपले म्हणून मागून घ्यावे. पाठचिकित्सा म्हणजे एका ग्रंथाच्या अनेक प्रतींतून लेखनिकांचे दोष शोधून काढण्याची विद्या. ती आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो आहोत. आजचा लेखनिक ॲडॅप्टर आहे. त्याच्या प्रती लाखोंनी निघतात, आणि त्यातला एक हस्तदोष कोणाच्या तरी घरचा शिधा बंद करू शकतो.