साखळी-करवतीस बलुतेदार कोण?

गेल्या कांहीं वर्षांत हातकणंगले तालुक्यांतील बऱ्याच शेतकरी बंधूंच्या घरीं एक नवें अवजार दाखल झालें आहे. तें म्हणजे बॅटरीवर चालणारी साखळी-करवत. आपल्याकडे तिला सर्रास 'कटर' म्हणतात. पेट्रोलची खटपट नाहीं, दोरी ओढण्याचा त्रास नाहीं, आवाज बेताचा आणि वजन एका गड्यानें सहज उचलावें इतकें. बांधावरची बाभूळ छाटणें, आंब्याच्या वाळक्या फांद्या काढणें, वादळानें वाटेवर आडवें पडलेलें झाड दूर करणें, हीं कामें पूर्वीं दोन माणसांस अर्धा दिवस पुरत. तीं आतां तासाभरांत उरकतात. इतकें असूनहि वर्षाअखेर पाहावें तों यांतील कित्येक करवती कोठीच्या खुंटीला टांगलेल्या आढळतात. मालकास विचारावें तर उत्तर ठरलेलें: "बॅटरीचें काम, टिकायचें नाहीं." आमच्या मतें हा दोष सगळाच बॅटरीच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. खरें कारण असें कीं, आपण अवजार घरीं आणलें, पण त्याच्या बलुतेदाराची सोय केली नाहीं.

पूर्वीं गांवांत लोहार व सुतार असत. नांगराचा फाळ बोथटला, कोयता पाजवावयाचा झाला, तर शेतकरी तालुक्याला धांवत नसे. लोहाराच्या भात्यापुढें जाऊन बसे. खळ्यावर लोहारास बलुतें मिळे आणि त्या बलुत्यांत वर्षाची दुरुस्ती धरलेली असे. त्या व्यवस्थेंत जातीचें बंधन होतें आणि बलुतेदारास नेहमीं न्याय मिळे असेंहि नाहीं. तेव्हां ती परत यावी असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तिच्याबरोबर गांवांतल्या गांवांत दुरुस्ती होण्याची सोयहि गेली, हें मान्य केलें पाहिजे.

नवें अवजार नाकारणें हा त्यावर उपाय नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगावीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल असें म्हणणारे लोक होते. पुढें तोच नांगर १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडींतून दूरदूरच्या शिवारांत गेला. साखळी-करवतहि कालपरवांची नाहीं. जर्मनींत आंद्रेआस स्टिल यांनीं विजेवर चालणारी साखळी-करवत १९२६ सालीं केली. अमेरिकेंत जो कॉक्स या लाकूडतोड्यानें लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून साखळीचा दात बेतला आणि १९४७ सालीं तशी साखळी विक्रीस आणली. आपल्या आंब्याचें खोड पोखरणारें भिरूड त्याच घराण्यांतलें. नवी आहे ती केवळ बॅटरी. लिथियमची ही बॅटरी १९९१ पासून बाजारांत आली. तेव्हां जुन्या करवतीचे नियम या करवतीसहि लागू आहेत. बॅटरीचे नियम तेवढे अधिक शिकावयाचे.

आतां नेहमींच्या तक्रारी पाहूं. पहिला नियम असा कीं, साखळीस हात लावण्यापूर्वीं बॅटरी काढून बाजूस ठेवावी. पेट्रोलचें यंत्र बंद आहे हें कानास कळतें. हें यंत्र मुकें असतें आणि खटक्यास चुकून बोट लागलें तरी तत्काळ फिरतें.

करवत मुळींच चालत नसेल तर बॅटरी खांचेंत पुरती बसली आहे काय, तिच्यांत वीज आहे काय, जोडपट्ट्यांवर भुसा किंवा ओल आहे काय, हें क्रमानें पाहावें. पुढील ढाल पुढें ढकलली गेली असेल तर साखळीचा ब्रेक लागलेला असतो. ती आपल्याकडे ओढून सोडवावी. कामाच्या मध्येंच करवत थांबली तर पुष्कळदां ती बिघडलेली नसते. फार दाब दिल्यानें मोटर किंवा बॅटरी तापते आणि आंतील योजना वीज तोडते. अशा वेळीं खटका पुन्हां पुन्हां न दाबतां यंत्र सावलींत निवूं द्यावें.

करवत चालते पण कापत नाहीं, ही तक्रार सर्वांत अधिक. येथें भुसा पाहावा. धारेची साखळी ढलप्या टाकते; बोथट साखळी पिठासारखा भुसा टाकते आणि माणसास अंग टाकून दाबावयास लावते. साखळी एकदां जरी मातीस लागली, किंवा झाडांत रुतलेल्या कुंपणाच्या तारेस अथवा खिळ्यास भिडली, तरी धार जाते. लहान करवतीस बहुधा ४ मिलीमीटरची गोल कानस लागते, कांहींना ४.८ ची, पुस्तिकेंत लिहिलेलें माप तेंच घ्यावें. कानस दाताच्या आंतून बाहेर, एकाच दिशेनें, बहुधा ३० अंशांच्या तिरकसपणानें चालवावी आणि प्रत्येक दातास सारखेच हात द्यावे. एका बाजूचे दात अधिक घासले गेले कीं काप वांकडा जातो. दातापुढील ठेंगणा उंचवटा कापाची खोली ठरवितो. तो मापपट्टी लावूनच उतरावा. अंदाजानें फार उतरला तर करवत लाकडांत रुतून उसळते.

साखळी वारंवार उतरते किंवा पट्टी तापते, याचें कारण बहुधा ताण आणि तेल. साखळी थंड असतां पट्टीच्या खालच्या कडेस लागून बसलेली असावी, व हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. नवी साखळी प्रथम सैल पडतेच. म्हणून पहिल्या दिवशीं ताण अनेकदां पाहावा. गरम साखळी आवळून तशीच ठेवूं नये, कारण निवतांना ती आकसते. तेल येतें कीं नाहीं हें पाहण्यास करवतीचें टोक कोरड्या ओंडक्याच्या वर थोड्या अंतरावर धरून क्षणभर चालवावें. तेलाची रेघ उमटली पाहिजे. ती न उमटल्यास पट्टीची खांच व तेलाचें भोंक साफ करावें. ट्रॅक्टरचें काळें, जळकें तेल टांकींत घालूं नये. तें साखळीस चिकटून राहत नाहीं आणि त्यांतील कचरा पंपास खातो. पट्टी मधून मधून उलटी बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

आतां बॅटरीविषयीं. ३६ व्होल्ट व ५ ॲंपिअर-तास अशी बॅटरी घेतली तर तींत १८० वॅट-तास वीज मावते. म्हणजे महावितरणच्या बिलांतील एका युनिटाचा पांचवा हिस्सादेखील नव्हे. एवढ्याशा शिदोरींतून बोथट दात, कोरडी पट्टी व घट्ट ताण यांचा खर्च भागवावयाचा, तर लाकडाच्या वांट्यास काय राहणार? बॅटरी लवकर उतरते म्हणून नवी घेण्यास निघालेल्या बंधूनें आधीं कानस हातीं घ्यावी, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या खोपींत बॅटरी ठेवूं नये. कामावरून आलेली गरम बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी. महिनोगणती काम नसेल तर ती निम्मी भरून थंड, कोरड्या जागीं ठेवावी. अगदीं रिकामी ठेवलेली बॅटरी मरते.

आपला मुलूख नदीकांठचा आहे. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पंचगंगा व वारणा यांनीं काय केलें, तें वाचकांस सांगणें नको. पुरांत बुडालेली बॅटरी वरून वाळलेली दिसली तरी चार्जरला लावूं नये. आंत शिरलेल्या पाण्यानें तिला मागाहून आग लागूं शकते. फुगलेली व चिरलेली बॅटरीहि तशीच समजून घराबाहेर, जळाऊ जिनसांपासून दूर ठेवावी. वादळांत वीजतारेवर पडलेल्या झाडास, तार बंद केल्याची महावितरणच्या माणसानें खातरी दिल्याशिवाय, कोणीहि करवत लावूं नये. आणि पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास कधीं भिडवूं नये. तेथून करवत उसळून तोंडावर येते.

तहसील कचेरींत कारकुनी केलेल्या माणसानें आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. करवत हलकी झाली म्हणून कायदा हलका झालेला नाहीं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वयें आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग इत्यादि अनुसूचींतील झाडें स्वतःच्या मालकीचीं असलीं तरी परवानगीशिवाय तोडतां येत नाहींत. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची संमति आधीं घ्यावी. तासाभरांत पडलेल्या झाडाचा तंटा वर्षानुवर्षें चालतो.

हें सर्व प्रत्येक घरानें वेगवेगळें करावें अशी अपेक्षा धरणें व्यर्थ आहे. दिवसभर जाड खोडें पाडणाऱ्यास पेट्रोलचें यंत्रच योग्य. पण वर्षांतून दहा-वीस दिवस काम करणाऱ्या कुणब्यास बॅटरीची करवत पुरे, आणि एवढ्यासाठीं त्यानें कारागीर व्हावें हें शक्य नाहीं. सबब आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या सेवा सोसायट्यांनीं हें काम अंगावर घ्यावें. गांवांतील एका होतकरू तरुणास, मग तो कोणत्याहि जातीचा असो, हें काम शिकवावें. त्याच्यापाशीं योग्य मापाच्या कानशी, मापपट्टी, जास्तीच्या साखळ्या व तेल ठेवावें आणि धार लावण्याचा दर ठरवून फळ्यावर लिहावा. प्रत्येक करवतीची नोंद एका वहींत असावी: खरेदीची तारीख, धार कधीं लावली, साखळी कधीं बदलली. खरेदीपूर्वीं विक्रेत्यास साखळी, पट्टी व बॅटरी आणखी किती वर्षें मिळतील हें विचारून लेखी घ्यावें; जो लेखी देत नाहीं त्याच्याकडून घेऊं नये. निकामी बॅटऱ्या उकिरड्यावर न टाकतां सोसायटीनें गोळा कराव्या. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या केंद्रीय नियमांनीं त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें मागण्यापेक्षां संस्थेनें मागितली तर अधिक ऐकली जाईल.

खरीप आटोपून छाटणीचे दिवस येण्यापूर्वीं एखाद्या सोसायटीनें तरी हा प्रयोग करून पाहावा, आणि वर्षाअखेर वहींतील जमाखर्च सभासदांपुढें मांडावा, एवढीच विनंति आहे.